वैशाखातली रानहळद

मिताली निमसे हे नाव शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जितक्या ठिकाणी लिहिलेलं सापडेल, तितकं कुठल्या पुढाऱ्याचंही सापडणार नाही. ती जन्मली त्या वर्षी तिच्या वडिलांनी शेणव्याला मंडपाचा धंदा काढला आणि धंद्याला मुलीचं नाव दिलं. तेव्हापासून या दोन तालुक्यांत कुठल्याही कार्याला जा, खुर्चीच्या पाठीवर, पातेल्याच्या बुडाला, पंख्याच्या पायावर लाल रंगात 'मिताली' असतेच. शाळेत पोरं तिला 'खुर्ची' म्हणत. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, फक्त मोठेपणी मंडपाच्या धंद्यात पडायचं नाही एवढं ठरवून टाकलं. बी.एस्सी. झाली आणि आसनगावजवळ एका नर्सरीत नोकरीला लागली.

वडिलांना, म्हणजे कुंडलिकशेठना, याचं वाईट वाटलं नाही. पोरगी फुलांच्याच लाइनीत आहे, असं ते लोकांना सांगत. फरक इतकाच होता, की शेठची फुलं प्लास्टिकची होती. घराला लागूनच्या गोडाऊनमध्ये ती गोण्यांत भरलेली असत. झेंडू एका गोणीत, गुलाब दुसरीत, आणि जगात कुठेच न उगवणारं एक निळं फूल तिसरीत. लग्नसराई संपली की शेठचा कामगार हनुमान सगळी फुलं साबणाच्या पाण्यात बुचकळून दोरीवर वाळत घाली. हनुमान डोंगरावरच्या वाडीतला. धुतलेला गुलाब पिळून वाळत घालणारा माणूस मी त्याच्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही. लग्नाच्या दिवशी शेठ स्वतः फुलांवर अत्तर मारत आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघत. "लांबून खरी वाटली पायजेत," ते म्हणत. जवळ येणाऱ्या माणसांसाठी त्यांच्याकडे उपाय नव्हता.

बाप-लेकीचं वाजलं ते गोडाऊनच्या मागच्या तुकड्यावरून. डोंगराच्या पायथ्याला लागून अर्धा एकर जमीन. तिथे पत्र्याची मोठी शेड घालायची आणि गोण्या तिकडे हलवायच्या, असा शेठचा बेत होता. लोखंडी पाइप येऊन पडले होते. एके दिवशी जेवताना मिताली म्हणाली, "बाबा, ती शेड नका घालू तिथं."

"मग कुठं घालू? माळ्यावर?"

"तिथं मी फुलं लावणार."

"कसली?"

"रानहळदीची."

शेठनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "ती आपली आपण येते गो. बांधावर बघ, पाऊस लागला की येते. लावायची कशाला?"

"आपली आपण येते म्हणूनच तिला कोणी विचारत नाय."

रानहळद म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या हळदीची रानातली बहीण. कामाला फारशी नाही, पण दिसायला अशी की हळदीने तिच्याशी बोलणं टाकलं असावं. पावसात जमिनीतून थेट एक कणीस वर येतं. खाली हिरव्या वाट्या एकीवर एक रचल्यासारख्या, प्रत्येक वाटीतून एक पिवळं फूल डोकावणारं, आणि वर गडद गुलाबी पाकळ्यांचा तुरा. पिवळं फूल एका दिवसात जातं. वरचा तुरा मात्र आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मितालीच्या नर्सरीत याच कुळातल्या परदेशी फुलांचे कंद पेटीतून, भुश्यात गुंडाळून येत आणि लोक ते हौसेने नेत. आपल्या बांधावरची ही त्यांच्यापेक्षा काकणभर देखणीच आहे, असं तिचं मत होतं. नर्सरीच्या मालकाला तिने एकदा फोटो दाखवला होता. तो म्हणाला, "छान आहे. पण नावात रान आहे ना. रान कोण विकत घेतं?"

कुंडलिकशेठचा आक्षेप जास्त पक्का होता. तो धंद्याचा होता.

"हे फूल येतं श्रावणाच्या आगेमागे," ते म्हणाले. "आषाढीला देव झोपले की लग्नं बंद. ती तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हंजे आपलं गिऱ्हाईक झोपतं तेव्हा तुझं फूल उठतं, आणि गिऱ्हाईक उठतं तेव्हा तुझं फूल झोपतं. याचा धंदा करनार तू?"

"गणपतीला चालेल की."

"गणपतीला लोक डोंगरावरून तेरडा फुकट आणतात. हे पन आणतील."

मितालीची आई रंभाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "पोरगी फुलं लावते बोलते, दारू नाय गाळत. एवढं काय."

मिताली म्हणाली, "वैशाखात फुलवून दाखवली तर?"

"वैशाखात?"

"दिपेशदादाच्या हळदीला."

दिपेश हा तिचा चुलतभाऊ. शेजारच्याच घरात राहणारा, कल्याणला मोबाइलच्या दुकानात कामाला जाणारा. त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि मंडप अर्थातच 'मिताली'चा होता. शेठनी विचार केला. वैशाखात रानहळद म्हणजे होळीला गणपती. त्यांनी भाकरीचा तुकडा पुन्हा उचलला.

"हळदीला तुझी फुलं मांडवात दिसू दे," ते म्हणाले. "आणि एक माणूस जरी आपल्या पायाने मला येऊन बोलला, की कुंडलिक, ही फुलं कुठनं आणली, तर शेड नाय. नायतर पाइप उभे करायचे आणि परत रानाचं नाव काढायचं नाय."

"चालेल."

"बघा हां," रंभाबाई म्हणाल्या. हे त्या दोघांपैकी कोणाला म्हणाल्या, ते कळलं नाही.

मितालीची युक्ती अशी होती. दिवाळीनंतर रानहळदीची पानं पिवळी पडून वाळतात आणि नंतर जमिनीवर काहीच उरत नाही. लोकांना वाटतं, मेली. ती मेलेली नसते, मातीखाली कंद होऊन झोपलेली असते आणि ऊब नि ओल एकदम मिळाली की उठते. ऊब आमच्याकडे मार्चपासून लागेल तितकी. ओल तेवढी द्यायची. थोडक्यात, चैत्रात खोटा पाऊस पाडायचा आणि झाडाला फसवायचं. मंडपवाल्याची मुलगी, नसलेलं उभं करणं तिला शिकवावं लागलं नाही.

आपल्याच बांधावरचे निम्मे कंद तिने खणून काढले. निम्मे जागेवर ठेवले. वडिलांच्या केटरिंगचे रिकामे तेलाचे डबे घेतले, वरून कापले, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि गोडाऊनच्या पडवीत पत्र्याखाली ओळीने मांडले. तिथे दुपारी भाकरी भाजता आली असती.

प्रश्न पाण्याचा होता. आमच्या तालुक्याचं वैशिष्ट्य असं की इथली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि इथल्या गावांना उन्हाळ्यात टँकर येतो. या व्यवस्थेबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. सगळे फक्त हंडे घेऊन उभे राहतात. रंभाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "फुलांसाठी पिंपाला हात लावलास तर हळद तुझीच करीन."

म्हणून मिताली नर्सरीतून येताना स्कूटीवर एक कॅन भरून आणायची आणि संध्याकाळी डब्यागणिक अर्धा तांब्या मोजून घालायची. हनुमान बाजूला बिडी ओढत बघत बसायचा.

"ताई, आमच्या वाडीवर हे रानभर हाय."

"मग तूच सांग, लवकर कसं उठवायचं?"

हनुमानने बराच विचार केला. "ढोल वाजवून बघा," तो म्हणाला.

महिना निघून गेला. डब्यांत काही हललं नाही. मितालीने एकदा बोट घालून पाहिलं तर माती चांगली ओली लागली. तिला वाटलं, आपला अंदाज बरोबर आहे. आणखी काही दिवसांनी पडवीत वास यायला लागला. आधी संशय उंदरावर गेला. मग तिने एक डबा उपडा केला. आतून चिखल आणि काळं पडलेलं, बोटाने दाबलं तर फुटणारं काहीतरी बाहेर आलं. दुसरा डबा उपडा केला. तेच. तिसऱ्याला तर पाणी वर तरंगत होतं.

तिने आधी डब्याचं बूड पाहिलं. भोकं नव्हती. जिथे भोकं पाडली होती तिथे डांबराचे काळे ठिपके होते, एकसारखे, नीट बसवलेले.

"हनुमान," तिने हाक मारली, "हे कोणी केलं?"

"मीच," हनुमान म्हणाला. त्याच्या आवाजात केलेल्या कामाचा आनंद होता. "सगळे डबे गळत होते, ताई. टँकरचे दिवस. एकूनएक बुजवले. आता थेंब फुकट जायचा नाय."

टँकरच्या गावात गळका डबा दिसूनही गप्प बसतो तो माणूस नव्हे. हनुमानला रागावणं शक्य नव्हतं. पण अर्ध्या तांब्याने डबा तुंबत नाही, हेही मितालीला दिसत होतं. तिने घरच्यांना पडवीत बोलावलं. दिपेशही त्याच्या घरातून आला.

"यात आणखी कोण पाणी घालत होतं?"

"मी कशाला घालीन?" रंभाबाई म्हणाल्या. "तांदूळ धुतलेलं तेवढं घातलं. ते काय पानी नाय."

"रोज?"

"भात रोज होतो ना गो आपल्याकडे."

दिपेश मोबाइलकडे बघत म्हणाला, "मी पण एकदाच घातलं."

"एकदाच?"

"म्हणजे रोज एकदाच. कामावरून येताना बाटलीत उरतं ना, ते. माझ्याच हळदीची फुलं, मिता. मला वाटलं, आपला पण हात लागू दे."

कुंडलिकशेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते. त्यावर मार्च महिना होता आणि एप्रिल संपत आला होता, तरी ते मन लावून बघत होते.

"शेठपन घालायचे की," हनुमान म्हणाला. "सकाळी तोंड धुतलं की राहिलेला तांब्या तिकडंच."

मितालीने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हांला शेड पाहिजे ना?"

"पायजे."

"मग पाणी कशाला घालायचात?"

"तुझा डबा कोरडा दिसायचा," शेठ म्हणाले. "कोरडं बघवत नाय मला." आणि पाइप मोजायचे आहेत असं सांगून ते मागे निघून गेले. पाइप त्यांनी दोनदा मोजलेले होते.

शहापूर तालुक्यात ऐन उन्हाळ्यात जास्त पाणी होऊन मेलेली ही पहिलीच झाडं असावीत. पंचनामा करायला कोणी आलं असतं, तर त्याने आधी पडवीला नमस्कार केला असता.

मितालीने सगळे डबे उपडे केले. कुजलेलं टाकलं, घट्ट राहिलेले कंद निवडून सावलीत सुकवले, भोकं पुन्हा पाडली आणि नव्या मातीत लावले. जेमतेम डझनभर डबे भरले. हनुमानला अपराधी वाटत होतं. तो संध्याकाळी येऊन म्हणाला, "ताई, तुमी फिकीर नका करू. वाडीवरून रानहळदीचे दोन गोण्या कांदे खणून आणतो. रान पडलंय."

"नको."

"कोन विचारतंय?"

"म्हणूनच नको. आज तू दोन गोण्या आणशील. उद्या लोकांना आवडलं तर दहा गोण्या आणतील. मग डोंगरावर पावसात काय दिसणार? खड्डे." जरा थांबून ती म्हणाली, "आणि ते पण झोपलेलेच आहेत ना. हळदीपर्यंत उठणार नाहीत. तो तुकडा मला याच्यासाठीच पाहिजे. इथले इथं वाढवायचे. डोंगराला हात नाय लावायचा."

हनुमानला यातलं निम्मं पटलं. निम्मं त्याने तंबाखूबरोबर चघळत ठेवलं.

पडवीला आता रंभाबाईंनी साडी आडवी बांधून टाकली होती. पाणी घालायला फक्त मिताली आत जायची. शेठ सकाळी तोंड धुवायला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. तिथे काहीच नव्हतं, त्यामुळे उरलेला तांब्या हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहत.

दिपेशच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या, तांदूळ निवडून झाले, तरी डबे गप्पच होते. मितालीने नर्सरीतून रजा घेतली होती आणि दिवसातून चारदा साडी बाजूला सारून आत डोकावत होती. शेवटी दिसलं ते दिपेशला. हळदीचे कपडे दाखवायला तो आला होता. त्याने साडीच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाला, "मिता, एका डब्यातून कोणाचं तरी नाक आलंय."

ते गुलाबी नाक होतं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन आली. मग रोज. उन्हाच्या तापाने आणि ओलीने फसून कणसं सरळ वर चढली. पानं मागून सावकाश येत होती, आधी पाहुणे पाठवून यजमानाने उशिरा यावं तशी.

आमच्याकडे लग्नाला लोक आशीर्वाद द्यायला येतात आणि हळदीला मनापासून येतात. लग्नाला वरणभात असतो, हळदीला मटण. दिपेशच्या हळदीला संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. स्टेजच्या मागे कुंडलिकशेठची पिवळ्या प्लास्टिक झेंडूची भिंत उभी होती, वर ते निळं फूल. आणि नवरदेवाच्या पाटाभोवती मितालीचे डझनभर डबे, पिवळ्या कापडात गुंडाळलेले. प्रत्येकातून एकेक कणीस, काहींतून दोन. दिव्यांच्या उजेडात तो गुलाबी रंग इतका स्वच्छ दिसत होता की पाटावर बसलेल्या दिपेशकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं.

"काका, फोटोवाल्याला सांगा ना," तो कुरकुरला. "फुलांचे काढतोय. लग्न माझं आहे."

धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला कमळाबाई होत्या. धवलारीण म्हणजे धवले गाऊन हळद लावून देणारी बाई, आणि हळदीच्या मांडवात तिचा शब्द भटजीच्याही वर. कमळाबाईंनी गात गात दिपेशला हळद लावायला सुरुवात केली. मिताली खांबाला टेकून उभी होती. तिचे कान हळदीकडे नव्हते, वडिलांकडे होते.

पहिला माणूस आला तो सुयोग. सरळगावच्या रस्त्यावर त्याने लग्नाचं लॉन काढलेलं, त्यामुळे कुठल्याही मांडवात तो दिव्यांपासून कनातीपर्यंत सगळं बघत फिरायचा.

"कुंडलिकशेठ," तो म्हणाला, "हा माल कुठनं आणलात?"

मिताली खांब सोडून एक पाऊल पुढे आली. शेठचाही चेहरा क्षणभर उजळला.

"हा? घरचाच."

"घरचा काय, शेठ. आमाला नाय सांगनार? फिनिशिंग बघा काय आहे! वाटीला वाटी बसवलीय. चायनाचा दिसतोय."

"चायनाचा नाय. शेणव्याचा."

सुयोग मोठ्याने हसला आणि त्याने आणखी दोघांना हाक मारली. मग रांगच लागली. ज्यांनी बावीस वर्षं शेठचं प्लास्टिक पाहिलं होतं, त्यांना 'मिताली'च्या मांडवात खरं फूल असेल हे सुचणं शक्यच नव्हतं.

"शेठ, यंदा माल बदललात. बरं केलंत."

"खऱ्याला एवढा रंग कुठं येतो? प्लास्टिकच ते."

"मे महिन्यात झाडाला पान नाय, यांना फूल!"

"धुता येतं ना हो? आमच्याकडचं दोन वर्षांत पांढरं पडलं."

एका मावशीने तर दोन बोटांनी तुरा चिमटून बघितला आणि निकाल दिला, "जाड मटेरिअल आहे."

शेठ प्रत्येकाला सांगत होते, "अहो, खरी आहेत." आणि प्रत्येक जण, धंद्यातला माणूस असंच बोलणार अशा समजुतीने, त्यांच्या पाठीवर थाप मारत होता. मितालीने मान खाली घातली. फुलं आली होती, वेळेत आली होती, लोकांनी विचारलंही होतं. फक्त ती खरी आहेत यावर कोणाचा विश्वास नव्हता.

सुयोग परत आला. "शेठ, सरळ बोला. सगळा लॉट मला द्या. सीझनभर लॉनवर लावतो. देठ कशाचा आहे, वायरचा का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने एका कणसाला खालून पिळा दिला.

कट् असा आवाज आला. देठातून रस गळला, आणि ओल्या मातीचा, कच्च्या हळदीचा अंधूक वास सुटला. सुयोग हातातल्या कणसाकडे बघत राहिला.

"मोडलंस," कुंडलिकशेठ म्हणाले.

"अरे, सॉरी, शेठ. एक पीस भरून देतो ना."

"कुठनं भरून देशील? कारखान्यात होत नाय ते. माझ्या पोरीनं जमिनीतून उठवलंय त्याला. आमी सगळ्यांनी मिळून बुडवलं होतं, तरी उठवलंय."

डीजेवाला नेमका गाणं बदलत होता. त्यामुळे हे वाक्य सबंध मांडवाने ऐकलं, मटणाच्या पंगतीनेसुद्धा.

कमळाबाई धवला अर्धा सोडून उठल्या. हळदीने भरलेलं बोट त्यांनी पदराला पुसलं आणि जवळच्या कणसाच्या एका हिरव्या वाटीत घातलं. बोट ओलं होऊन बाहेर आलं आणि त्यावरून एक मुंगी चालत निघाली.

"प्लास्टिकला मुंगी लागत नाय," कमळाबाई म्हणाल्या. "ही डोंगरावरची. पोरपणी आमी वेणीत घालायचो. पन वैशाखात कशी आली गो?"

"फसवून," मिताली म्हणाली.

"बरं केलंस. आमालापन असंच फसवून आणलं होतं," असं म्हणून कमळाबाईंनी मोडलेलं कणीस सुयोगच्या हातातून काढून घेतलं, दिपेशच्या कानावर अडकवलं आणि सोडलेला धवला तिथूनच पुढे सुरू केला.

मग बायका उठल्या. ज्या मावशीने मटेरिअल तपासलं होतं, ती सगळ्यांत आधी पोचली. "मला एक कांदा दे गो." दुसरी म्हणाली, "मला दोन, मुरबाडच्या मुलीकडं पन पाठवायचाय." मितालीला सगळ्यांना एकच सांगावं लागत होतं, "आत्ता नाय. आत्ता एवढेच आहेत. वाढू दे." हनुमान मात्र डबे आत न्यायला आला, तोच सवयीने हातात ओला फडका घेऊन. पहिलं कणीस पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दिपेशच्या लग्नाचं सगळं आवरल्यानंतरच्या सकाळी मिताली उठून बाहेर आली, तर गोडाऊनमागच्या तुकड्यावर खुंट्या मारण्याचा आवाज येत होता. तिने मनात हिशोब केलेलाच होता. लोकांनी प्लास्टिक समजून विचारलं, ते काही विचारणं नव्हे. बाबांची अट बाबांच्या बाजूने लागली. ती मागे गेली.

कुंडलिकशेठ मंडपाची सुतळी ताणून सरळ रेघा आखत होते. हनुमान दुसऱ्या टोकाला खुंटी धरून बसला होता.

"शेड कुठपर्यंत येणार?" मितालीने विचारलं.

"कसली शेड?"

"तुमी बोललात ना, कोणी विचारलं तरच."

"विचारलं की. एकोनेक माणसानं विचारलं, कुठनं आणली. मी पाह्यलं मांडवात." शेठनी सुतळीला एक गाठ मारली. "त्यांना काय वाटलं, ती त्यांची अक्कल. त्याची अट नव्हती."

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. सुयोगचा आवाज मोठा, त्यामुळे स्पीकर लावायची गरज नव्हती.

"शेठ, तुळशीच्या लग्नानंतर माझ्याकडे पहिलंच लगीन आहे, मोठी पार्टी. तीच फुलं पायजेत."

आजवर कुंडलिकशेठनी कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. एकाच दिवशी चार गावांत मंडप घेतलेला माणूस तो. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"नाय," शेठ म्हणाले. "तेव्हा झोपतात ती."

"उठवा की. आत्ता उठवली ना?"

"दम खाऊ दे त्यांना. वर्षभर उठवत बसलो तर मरतील. वैशाखात या."

"वैशाखाला वर्ष आहे, शेठ."

"मग वर्षाने या," असं म्हणून शेठनी फोन खिशात टाकला. आपण काय करून बसलो हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते जरा ताठ उभे राहिले.

"पुढच्या वैशाखात किती होतील?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आहेत त्यांचे चाळीस-पन्नास, नीट वाढले तर. बांधावरचे निम्मे आहेत तसेच ठेवायचे. आणि एक वर्ष कोणाला द्यायचे नाहीत."

"एवढेच?"

"एवढेच, बाबा."

शेठनी मान डोलावली. मंडपवाला माणूस, पन्नास फुलांवर त्याचं पोट भरण्यासारखं नव्हतं, पण रेघा त्याने अर्ध्या एकराच्या आखल्या होत्या. मिताली वाफे बघत चालत गेली. चांगले आखले होते. लग्नाच्या मांडवासारखे, एका ओळीत, मधून चालायला वाट, बाजूने उतार. फक्त रस्त्याच्या बाजूला दोन खुंट्यांमध्ये भली मोठी जागा रिकामी सोडली होती.

"इथं काय लावायचं?"

"इथं काय नाय लावायचं. इथं कमान येनार."

"शेतात कमान?"

"पाइप पडलेत ना," कुंडलिकशेठ म्हणाले. "आणि लोक बघायला आले तर शिरायचं कुठनं? हनुमान, मधलं अंतर मोज. दोन माणसं जोडीनं गेली पायजेत."